जहाज थांबणार न्हाई

कांताबाई दुकानात शिरल्या तेव्हा फोन त्यांच्या कानाला लागलेलाच होता. मागून अप्पाराव आले. दारातच थबकून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग मनगटावरचं.

"तुमचं दोन मिनिटं पुढं हाय," ते म्हणाले.

"असू द्या काका. बसा," कहकशा म्हणाली.

अंबडच्या बसस्टँडसमोरचं हे दुकान तिच्या अब्बांनी, खुर्शीदभाईंनी काढलेलं. त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून तीन वर्षं कहकशा एकटीच ते चालवत होती. रेल्वेची तिकिटं, पुण्या-मुंबईच्या लक्झरी, वर्षातून दोनतीनदा मक्केला उमराहसाठी जाणारे गट. अप्पारावांना ती लहानपणापासून ओळखत होती. अंबड डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. शाळेला जाताना जालना, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव ही नावं त्यांच्याच आवाजात भोंग्यावरून तिच्या कानावर पडायची. त्यांच्या पत्नी कांताबाई अंगणवाडी सेविका होत्या. आता दोघंही निवृत्त.

कांताबाईंनी फोन काउंटरवर ठेवला आणि स्पीकर लावला. "धम्मपाल, आता तूच बोल हिच्याशी."

"मॅडम, तुम्ही क्रूझ बुक करता का?" पुण्याहून त्यांच्या मुलाचा आवाज आला.

"आजपर्यंत एकबी केली न्हाई."

"ऐकलंस ना आई? मी इथल्या एजन्सीशी बोललोय. ते लोक रोज दहा बुकिंग करतात. अंबडमध्ये बसून कुणी क्रूझ काढतं का?"

"त्या माणसाशी मीबी बोलले," कांताबाई म्हणाल्या. "मी एकच विचारलं. जहाज लंकेला लागल्यावर अनुराधपूरला जाऊन येता येईल का? तर म्हणला, होऊन जाईल मॅडम, टेन्शन घेऊ नका. कुठं हाय ते, असं विचारलं तर म्हणला, तिथंच, समुद्राला लागून."

कहकशानं कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. "कुठल्या बंदराला लागतं जहाज?"

"त्रिंकोमाली."

"तिथून अनुराधपूर एकशेपाच किलोमीटर हाय काकू. जंगलातनं रस्ता. समुद्र कुठंच न्हाई."

कांताबाईंनी फोनकडं बघितलं.

"विमानानं का न्हाई जात?" कहकशानं विचारलं. "कोलंबोला उतरायचं, गाडी करायची. सोपं पडंल."

"संघमित्रा विमानानं गेल्ती का?" कांताबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी अंगणवाडीतल्या पोरांना, विहारातल्या बायांना कितीतरी वेळा सांगितली होती. सम्राट अशोकाची लेक, बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजात बसली, लंकेला गेली. ती फांदी अनुराधपूरला लावली. ते झाड अजून उभं आहे. "तेवीसशे वर्षं झाली. मला ती ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं जायचंय. पाण्यावरनं."

अप्पाराव खाली मान घालून ऐकत होते. हे त्यांनी शंभरदा ऐकलं असणार.

"मला दोन दिवस द्या," कहकशा म्हणाली. "जमंल का न्हाई ते आज सांगत न्हाई."

फोनमधून धम्मपालचा सुस्कारा ऐकू आला. "आई, हिला काहीच माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हणून सांगती तरी. तुझा माणूस तेबी सांगत न्हाई."

दोन दिवस कहकशा फोनलाच चिकटलेली होती. जहाजाच्या कंपनीला तिनं सात वेळा लावला. चेन्नईच्या एका जुन्या एजंटबाईला गाठून तासभर प्रश्न विचारले. त्रिंकोमालीतला सरत नावाचा एक गाडीवाला शोधला आणि त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं दोघांना बोलावलं आणि एक कागद समोर ठेवला.

"आता नीट ऐका. जहाज सकाळी सातला लागतं. आठला उतरू देतात. संध्याकाळी चारला जहाजाचं दार बंद, पाचला जहाज सुटतं. त्यांची स्वतःची सहल फक्त टेकडीवरच्या देवळापर्यंत हाय. त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही आपल्या गाडीनं गेलात तर थांबत न्हाई. पासपोर्ट जहाजात राहतात, हातात नुसतं कार्ड देतात. म्हणजे जहाज गेलं तर तुम्ही परक्या देशात, पासपोर्टशिवाय."

अप्पारावांनी मान हलवली. "बराबर हाय. मी कधी कुणासाठी गाडी थांबवली न्हाई. जहाज कशाला थांबंल?"

"अडीच तास जायला, अडीच यायला. वेळ पुरतो. पण एक कबूल करा माझ्याजवळ. दुपारी बारा वाजले की गाडी माघारी फिरवायची. कुठंबी असा. झाड समोर दिसत असलं तरी."

"कबूल," अप्पाराव म्हणाले. "मी हाय ना."

कांताबाईंनी एकच अट घातली. चेन्नईहून दर आठवड्याला जहाज सुटायचं. त्यांना जूनमधली दुसरीच सफर पाहिजे होती. पहिली नाही, तिसरी नाही. घरात काही कार्य असेल, असं कहकशाला वाटलं. तिनं विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी धम्मपालचा फोन आला. "मॅडम, काही झालं तर मी तुम्हाला धरणार."

"धरा," ती म्हणाली.

*

त्या दिवशी कहकशानं दुकान आठलाच उघडलं. अप्पारावांच्या फोनवरून लोकेशन तिच्या फोनवर दिसत होतं. नकाशावर एक निळा ठिपका. लंकेचं आणि आपलं घड्याळ एकच, एवढं एक बरं होतं.

आठ पस्तीसला ठिपका बंदरातून हलला. लगेच फोन आला.

"सुटलो. पस्तीस मिनिटं लेट. उतरायला लाइन होती."

"चालतंय काका. हाताशी वेळ हाय. गाडीवाला कसा?"

"माणूस चांगला हाय. रस्ताबी चांगला. पण गर्दी दिसून राह्यली. पोरं, बाया, म्हातारे, सगळी पांढऱ्या कपड्यांत. ट्रकमधून चाललेत. पौर्णिमा ना आज."

कहकशाचा हात थांबला. "कसली पौर्णिमा?"

"ज्येष्ठ पौर्णिमा. महेंद्र, संघमित्राचा भाऊ, तो याच दिवशी लंकेत पोचला. कांतानं म्हणून तर ही तारीख धरली. तुला सांगितलं न्हाई का तिनं?"

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. त्या चौकटीत चंद्राचा पूर्ण गोल छापलेला होता. महिनाभर ती त्याच्यासमोर बसली होती.

फोन ठेवून तिनं इंटरनेटवर शोधलं. त्या दिवशी अख्ख्या लंकेतून लाखो माणसं दोनच ठिकाणी जातात. एक मिहिंतले, जिथं महेंद्र लंकेच्या राजाला पहिल्यांदा भेटला असं मानतात. दुसरं अनुराधपूर. आणि मिहिंतले बरोब्बर याच रस्त्यावर होतं, अनुराधपूरच्या बारा किलोमीटर अलीकडं. गेल्या वर्षीचे फोटो होते. डोक्याला डोकं. पोलिसांनी रस्ते वळवलेले. तिनं जहाज बघितलं होतं, दार बघितलं होतं, अंतर बघितलं होतं. दिवस बघितला नव्हता.

तिनं पुन्हा फोन लावला. सांगावं की न सांगावं, असं क्षणभर मनात आलंच. पण सांगितलं.

"काका, माझ्याकडनं चूक झाली. आज तिथं जत्रा असती. पुढं रस्ता तुंबलेला असंल. मला हे आधीच माहीत पायजे होतं."

गाडीचा आवाज येत राहिला.

"किती वेळ जास्ती धरायचा?" अप्पारावांनी विचारलं.

"मला सांगता येत न्हाई काका. आत्ता माघारी फिरलात तर काही बिघडत न्हाई."

"बाराचं ठरलंय ना? बारापर्यंत बघू."

सव्वादहाला ठिपका थांबला. पाच मिनिटं, सात मिनिटं. कहकशानं फोन लावला. मागं ढोल वाजत होता, माणसं ओरडत होती.

"वाट अडवून जेवायला घालून राह्यले!" अप्पाराव वैतागले होते. "गाडीसमोर झेंडा आडवा धरत्यात. मांडव घातलाय, भात वाढून राह्यले. फुकट. पुण्याचं काम म्हणं. न्हाई म्हणलं तर हात जोडत्यात. हे तिसरं!"

पाठीमागून कांताबाईंचा आवाज आला, "वाढलेलं नको म्हणू नका हो. चार घास खा आन् निघा."

अकरा. अकरा वीस. दुकानात एक बाई नांदेडच्या तिकिटाला आली. कहकशानं तिला उद्याचं तिकीट दिलं, परवाचं पाहिजे होतं. ते रद्द केलं, पुन्हा काढलं. नजर ठिपक्यावर होती. तो मुंगीच्या चालीनं सरकत होता. पावणेबाराला तो मिहिंतलेजवळ आला आणि तिथंच रुतून बसला.

बाराला एक मिनिट कमी असताना तिनं फोन लावला.

"काका, बारा वाजले."

"वाजले."

"फिरवा गाडी."

कांताबाईंचा आवाज ऐकू आला, अगदी शांत. "फिरा माघारी. मी इथूनच हात जोडले. एवढ्या लांब आलो हेच लई झालं. पोरीला शब्द दिलाय आपण."

"काका?"

"न्हाई," अप्पाराव म्हणाले.

"काय न्हाई?"

"फिरायचं न्हाई. पुढं जायचं."

कहकशा खुर्चीतून उठली. "काका, तुम्हीच हिशोब करा! तुम्हाला काय सांगायचं मी? तिथं पोचायलाच एक वाजंल. माघारी अडीच तास, तेबी रस्ता मोकळा असला तर. दार चारला बंद होतंय."

"माझा हिशोब झालाय. जहाज गावत न्हाई."

"मंग?"

"कहकशा, ऐक." त्यांचा आवाज खाली आला, बहुधा ते गाडीतून उतरून बाजूला आले होते. "दोन हजार चवदाला बुद्धगयेची तिकिटं काढल्ती आम्ही. हिनं पिशव्याबी भरल्त्या. आदल्या दिवशी डेपोतून रजा रद्द झाली. मी म्हणलो, पुढच्या साली जाऊ. हिनं पिशव्या रिकाम्या केल्या, दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेली. त्यानंतर एकदाबी नाव काढलं न्हाई. पुढचं साल कधी आलंच न्हाई बघ. आता बारा किलोमीटरवर झाड हाय आन् ही पुन्हा तेच करून राह्यली. हात जोडून माघारी फिरायला तयार. मला न्हाई जमणार आता."

"पासपोर्ट जहाजात हायेत काका!"

"माहीत हाय. तुझी चूक न्हाई म्हणून मी लिहून देतो."

"लिहून घेऊन काय करू मी?" ती ओरडलीच. रस्त्यावरच्या एकानं आत वळून बघितलं. तिनं आवाज खाली आणला. "बरं. फोन चालू ठेवा. बाकी काय बोलू नका."

बारा वाजून दहा मिनिटांनी ठिपका अर्धा किलोमीटर पुढं गेला आणि गोठला. फोन लागेना. एवढ्या गर्दीत नेटवर्क बसलं होतं.

तिनं घरी फोन लावला. "अब्बा, गड़बड़ हो गई."

खुर्शीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लोगां सही-सलामत है ना? तो गड़बड़ अबी हुई नै. चार बजने कू टैम है. काम कर."

तिनं कागदांची फाईल उघडली. प्रत्येक बंदरात जहाजाच्या कंपनीचा एक स्थानिक माणूस असतो. कोणी प्रवासी मागं राहिला तर त्याचं सगळं तोच बघतो. चेन्नईच्या बाईनं तिला हे सांगितलं होतं आणि नंबर घ्यायला लावले होते. तीन नंबर. पहिला वाजत राहिला. दुसऱ्यावर सिंहलीतलं रेकॉर्डिंग. सुट्टीचा दिवस. तिनं पुन्हा पहिला लावला, पुन्हा दुसरा. तिसरा नंबर एक वाजता उचलला गेला.

सेल्वम नावाचा माणूस होता. तो धक्क्यावरच उभा होता, मागं जहाजाच्या यंत्राची घरघर येत होती. कहकशानं इंग्रजीत सांगितलं. दोन प्रवासी, खोलीचा नंबर अमुक, चारपर्यंत येणार नाहीत. त्यांचे पासपोर्ट आणि औषधं खाली उतरवून घ्या.

"मॅडम, आत्ता एक वाजलाय. येतील ते," सेल्वम म्हणाला.

"येणार नाहीत."

स्वतःच्याच गिऱ्हाइकांबद्दल हे बोलून तिनं खोलीचा नंबर पुन्हा सांगितला.

सेल्वमनं वर जाऊन विचारलं. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. प्रवासी स्वतः लेखी देत नाहीत तोपर्यंत जहाजवाले तिजोरीतून पासपोर्ट काढणार नव्हते. दोघांच्या सह्यांचं पत्र पाहिजे. चारच्या आत. नाहीतर पासपोर्ट जहाजाबरोबर चेन्नईला जाणार.

कहकशानं अप्पारावांना मेसेज टाकला. कागदावर काय लिहायचं ते शब्दन्‌शब्द. दोघांनी सही करा, फोटो पाठवा, जिथं नेटवर्क येईल तिथं पहिलं हे करा. मेसेजखाली एकच बारीक खूण उमटली. पोचला नव्हता.

दीड. पावणेदोन. दोन. तिनं शटर अर्धं खाली ओढलं. डबा तसाच होता. एकच खूण.

दोन वाजून दहा मिनिटांनी धम्मपालचा फोन आला. "आई-बाबांचा फोन लागत नाहीये. कुठं आहेत?"

"अनुराधपूरमध्ये."

"आत्ता? चारला दार बंद होतं ना? मग ते..." तो थांबला. "मॅडम, काय चाललंय?"

तिनं सगळं सांगितलं. पौर्णिमा, गर्दी, बाराचा फोन. काही लपवलं नाही.

मग तो भडकला. पासष्टीची माणसं, बीपीची गोळी, परका देश, पासपोर्ट नाही. त्याला आधीच माहीत होतं. त्यानं सांगितलं होतं. अंबडमध्ये बसून साधी पौर्णिमा बघता येत नाही आणि क्रूझ काढायला निघाली. कहकशानं फोन कानापासून दूर नेला नाही. तो दम घ्यायला थांबला तेव्हा ती म्हणाली,

"पौर्णिमेचं मी बघायला पाहिजे होतं. ती चूक माझी हाय. तुम्ही मला जे बोलायचं ते उद्या बोला, मी दुकानातच हाय. आत्ता त्यांचा मेसेज आला तर मला ही लाइन रिकामी लागंल. ठेवू का?"

त्यानं फोन ठेवला.

दोन वाजून बत्तीस मिनिटांनी मेसेजखालची खूण दुहेरी झाली. मग निळी. ठिपक्यानं एकदम उडी मारली. तो मिहिंतलेच्या या बाजूला आला होता. परतीच्या वाटेवर.

पावणेतीनला फोटो आला. वहीच्या आखीव पानावर अप्पारावांचं टपोरं इंग्रजी. 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात, विषय वेगळा, तारीख उजव्या कोपऱ्यात, खाली रेघ मारून नाव. डेपोत रजेचा अर्ज लिहावा तसा. त्याखाली कांताबाईंची मराठीतली सही. गाडी हलली असणार, 'बाई'तल्या 'ई'चा शेंडा पार वरच्या ओळीत गेला होता.

तिनं तो सेल्वमला पाठवला. सव्वातीनला त्याचा निरोप आला: कप्तानाची सही लागते, कप्तान जेवतोय. साडेतीनला: कागद आत गेला. तिनं ठिपक्याकडं बघितलं. अजून साठ किलोमीटर. काही जादू होणार नव्हती, हे तिला माहीत होतं. तरी ती बोटानं नकाशावरचं अंतर पुन्हा पुन्हा मोजत होती.

चारला सहा मिनिटं असताना सेल्वमनं फोटो पाठवला. त्याच्या हातात दोन निळे पासपोर्ट आणि गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी. मागं जहाजाची शिडी. माणसं ती वर ओढायच्या तयारीत.

कहकशानं टेबलावर डोकं टेकवलं. अर्धं मिनिट. मग उठून तिनं राहायची जागा शोधायला घेतली.

सव्वापाचला फोन आला.

"दिसून राह्यलं," अप्पाराव म्हणाले. "जहाज. चाललं ते."

तिनं लॉजचा पत्ता लिहिलेला कागद जवळ ओढला.

"लई मोठं दिसतं गं बाहेरनं. आतून कळत न्हाई." आणि मग तिनं त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात, "आता काय करायचं आम्ही?"

"गेटवर निळ्या शर्टातला माणूस उभा हाय, सेल्वम. त्याच्याजवळ तुमचे पासपोर्ट हायेत. ते घ्या आन् काकूंच्या पर्समध्ये ठेवा, तुमच्या खिशात नको. सरत तुम्हाला एका घरगुती लॉजवर नेतो, मी बोललेय. काकूंना गोळी द्या. बाकी उद्या सकाळी सांगते."

"बरं," ते म्हणाले. "बरं."

*

सोपं झालं नाही. जहाजातून देशात उतरलेला माणूस विमानानं बाहेर पडणार असेल तर कागद बदलावे लागतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीही कचेरी बंद होती. तिसऱ्या दिवशी सेल्वम त्यांना घेऊन दोन टेबलांवर फिरला, चौथ्या दिवशी शिक्का मिळाला. कहकशानं कोलंबो ते चेन्नईचं विमान दोनदा बदललं. दोघांनी चेन्नईत कंपनीच्या गोदामातून आपली बॅग घेतली, आणि सातव्या दिवशी ते जालन्याला रेल्वेतून उतरले. धम्मपाल पुण्याहून आला होता. त्यानं दोघांना गाडीत घातलं, अंबडला सोडलं. दुकानासमोरून गेला पण थांबला नाही. त्या संध्याकाळी त्यानं दुकानाच्या नावाखाली इंटरनेटवर पाचपैकी एक तारा दिला आणि लिहिलं: 'माझ्या वृद्ध आई-वडिलांना परदेशात जहाजाविना राहावं लागलं. ज्या दिवशी पाठवलं त्या दिवशी तिथं देशभराची जत्रा आहे, एवढीही माहिती या एजंटला नव्हती.'

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात आले. अप्पाराव खुर्चीत बसले नाहीत.

"तुला शब्द दिल्ता आन् मोडला," ते म्हणाले. "मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना वेळ पाळा म्हणून ओरडलो. मला बोल तू."

कहकशानं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण आलंच. "मी चार दिवस झोपले न्हाई काका. दर तासाला वाटायचं, काकूंना कायतरी झालं असंल. तुम्ही तिथं झाड बघत होता. मी इथं बसून एका अनोळखी माणसाला सांगत होते की तुम्ही येणार न्हाई. मला तुमचा राग हाय. अजून हाय."

"असू दे," अप्पाराव म्हणाले. "बराबर हाय."

"आन् पौर्णिमेचं मी विचारलं न्हाई, ते माझं."

"ते माझंबी," कांताबाई म्हणाल्या. "तारीख मी धरली. का, ते मी सांगितलं न्हाई. मला वाटलं, हसंल ही."

मग त्या बसल्या. चहा आला. कपाला हात न लावता कांताबाईंनी सांगितलं. शेवटचे दोन किलोमीटर गाडी जाईना, तर सरतनं त्यांना एका रिक्षात बसवलं, रिक्षाही जाईना, मग चालत. पायांतल्या चपला काढून पिशवीत घातल्या. माणसं अफाट, पण गोंगाट नाही. कुणी ढकलत नव्हतं. झाड उंच चौथऱ्यावर होतं. खालून दिसत होती ती एक फांदी, सोन्याच्या रंगाच्या टेकूंवर टेकलेली. वर सोडत नव्हते. भिंतीजवळ वीस मिनिटं मिळाली.

"माझ्या बाजूला एक म्हातारी होती. माझ्याहून मोठी. तिनं कायतरी विचारलं, मला कळलं न्हाई. मी हसले. मंग मी डोळे मिटून त्रिशरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणायला लागले, तर तीबी माझ्याबरोबर. शब्दन्‌शब्द तेच. चाल वेगळी, ओढून म्हणत होती. माझा मधेच आवाज बसला तर ती थांबली न्हाई, तिनं पुढं नेलं, मी मागनं गेले. झाल्यावर तिनं माझी चपलांची पिशवी हातात घेतली आन् रस्त्यापर्यंत धरून चालली. गर्दीत हरवंल म्हणून. नाव विचारायचं राह्यलं."

अप्पाराव भिंतीकडं बघत होते.

"धम्मपालनं लिहिलंय ते मी वाचलं," कांताबाई पुढं म्हणाल्या. "त्याला म्हणलं, काढ ते. ऐकत न्हाई."

"राहू द्या काकू. त्यानं लिहिलं ते खोटं न्हाई."

त्यानंतर कहकशानं चार क्रूझ काढल्या. दोन लक्षद्वीपच्या, एक गोव्याची, एक सिंगापूरची. सगळे वेळेत जहाजात चढले आणि वेळेत उतरले. त्यांपैकी कुणीही काही लिहिलं नाही, त्यामुळे दुकानाच्या नावाखाली धम्मपालचा तो एकच मजकूर अजून आहे. नवं गिऱ्हाईक क्रूझची चौकशी करायला आलं की कहकशा तो आधी त्यांना वाचायला देते. मग काय झालं ते सांगते. पुष्कळ लोक विचार करून सांगतो म्हणून उठतात, आणि मग पुण्याहून बुकिंग करतात. काही जण बसून राहतात.